मदत हवी आहे : हौदातल्या गोल्डफिशना पिल्लं झालीत, जगवू कशी?

जास्वंदी | ३ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. हा धागा बागकामात टाकू की पाळीव प्राण्यांत ते कळेना, म्हणून इथेच टाकतेय. चुकला असेल तर हलवा.

आम्ही साताऱ्याला राहतो. अंगणात सासऱ्यांनी बांधलेला सिमेंटचा जुना हौद आहे. आठ फूट बाय पाच फूट, पाणी दोन फुटांच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी त्यात सहा गोल्डफिश सोडले. तेव्हा बोटाच्या पेराएवढे होते, आता वितीला थोडेच कमी. साधेच आहेत, चार केशरी, दोन पांढऱ्यावर केशरी. एका कोपऱ्यात कमळाची कुंडी, वर जलपर्णी. फिल्टर, पंप काही नाही. मागच्या पावसाळ्यात डासांसाठी ह्यांनी मूठभर गप्पी मासे आणून सोडले, त्यांची आता पलटण झालीय.

महाशिवरात्रीच्या सुट्टीत निम्मं पाणी उपसून नवीन भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे हौदात नुसती खळबळ! एकीच्या मागे तिघं लागलेले, तिला जलपर्णीच्या मुळांत ढुसण्या मारत होते. मला वाटलं भांडतायत. वेगळं काढूया का, असं ह्यांना म्हणेपर्यंत नऊ वाजले आणि सगळं शांत.

आज जलपर्णी विरळ करताना एक गड्डा बादलीत झटकला, तर पाण्यात पापणीच्या केसाएवढं काहीतरी हललं. टॉर्च मारून बघितलं. केसाला दोन काळे डोळे! असे शे-दीडशे तरी असतील. बरेचसे बादलीच्या भिंतीला उभे चिकटलेत.

वाईट याचं वाटतंय की परवाच जलपर्णीची अर्धी पाटी मी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली. मुळांना राजगिऱ्याच्या दाण्याएवढं पारदर्शक काहीतरी लागलेलं दिसलं होतं, मी गोगलगायीची अंडी समजले.

आता विचारायचं एवढंच, की यांना बादलीत ठेवू की परत हौदात सोडू? खायला काय देऊ? आणि सासूबाई म्हणतात, आधी हौद घासून लख्ख कर आणि मग सोड. करू का?

पाण्यातला | ३ मार्च, रात्री ११:१५

हौद घासू नका. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

आता सविस्तर. हौदाच्या भिंतीवरचं हिरवं बुळबुळीत जे आहे ना, ती घाण नाही. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या थरात राहतात. पिल्लांना पहिला आठवडाभर जे डोळ्यांना न दिसणारं खाद्य लागतं तेही त्याच थरात आणि मुळांच्या जाळ्यात असतं. तुम्ही घासून लख्ख केलात की त्यांच्या घराबरोबर स्वयंपाकघरही गेलं.

आज रात्री बादलीला हात लावू नका. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती काही खात नाहीत, पोटाशी बलकाची शिदोरी असते. म्हणूनच भिंतीला चिकटून बसलीत. आडवी होऊन पोहायला लागली की शिदोरी संपली असं समजायचं. या अवस्थेतल्या पिल्लांना मत्स्यशेतीवाले फ्राय म्हणतात.

हौदात मात्र परत सोडू नका. गोल्डफिश स्वतःची अंडी आणि पिल्लं बिनदिक्कत खातात, आणि आई-बापांच्या तावडीतून सुटली ती गप्पींच्या तोंडी जातील. उद्या एक पसरट टब घ्या, पन्नास-साठ लिटरचा. खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण हवा पृष्ठभागावरूनच पाण्यात जाते. त्यात हौदाचंच पाणी भरा, फडक्यातून गाळून, म्हणजे गप्पी येणार नाहीत. त्यावर जलपर्णीचे दोन गड्डे सोडा, आणि पिल्लं वाटीने पाण्यासकट हलवा. जाळीने उचलू नका, चिरडतात.

खवय्या_मालवणी | ४ मार्च, सकाळी ७:०२

आमच्याकडे फ्राय म्हटलं की रवा लावतात. शीर्षकात मासे बघून मोठ्या आशेने आलो होतो.

जास्वंदी | ४ मार्च, सकाळी ७:३०

खवय्या, पापणीच्या केसाला रवा लावून दाखवा, पैज.

पाण्यातला, खूप आभार. सासूबाईंना घासण्यापासून थोपवलंय. टब आणते आज. कंपोस्टमधली जलपर्णी परत काढून बघू का?

पाण्यातला | ४ मार्च, सकाळी ९:१०

ती अंडी आता गेली. मनाला लावून घेऊ नका, एका वेळी शेकड्याने घालतात, मोठी मादी हजाराच्या पुढेही. पाणी २०-२२ अंशांना असेल तर चार-पाच दिवसांत फुटतात, पंचविशीच्या पुढे गेलं की त्याहून लवकर. तुमच्या हौदात अजून असतील तर पांढरी पडलेली अंडी काढून टाका. ती फळलेली नसतात, त्यांना बुरशी धरते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते.

एक राहिलंच. जलपर्णी काढली की कंपोस्टमध्येच टाका, ते बरोबर केलंत. ओढ्यात टाकू नका. ती एकदा वेण्णेत, कृष्णेत गेली की काय होतं ते सांगायला नको.

शेवंतीची_वेणी | ४ मार्च, दुपारी २:२०

मी नाशिकला गच्चीवरच्या टाकीत दोनदा वाढवलीत. पोहायला लागल्यावर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक द्या. चण्याच्या डाळीएवढा तुकडा मलमलच्या फडक्यात बांधून कपभर पाण्यात चुरायचा आणि ते दुधाळ पाणी चमच्याने दिवसातून तीन-चार वेळा घालायचं. बाजारातलं काही आणायला लागत नाही.

नदीकाठचा_गोटा | ४ मार्च, संध्याकाळी ६:०५

मी जरा उलटं बोलतो. दीडशे पिल्लं जगवून करणार काय? या माशाला वितीची लांबी येते आणि नीट ठेवला तर तो दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. तुमचा हौद हिशोबाने सव्वादोन हजार लिटरचा. त्यात सहा मोठे आहेतच, अजून चार-पाच मावतील. पुढे काय? पिशवीत घालून तळ्यात सोडायचे? ते तर अजिबात नको. गोल्डफिश तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, दुसऱ्यांची अंडी खातो. जलपर्णी दाट ठेवा आणि हौदातच सोडून द्या. पाच-सहा जगतील, ती हौदाला पुरेत.

शेवंतीची_वेणी | ४ मार्च, संध्याकाळी ६:३१

अहो गोटा, त्यांनी जगवू कशी म्हणून विचारलंय, जगवू का म्हणून नाही.

नदीकाठचा_गोटा | ४ मार्च, संध्याकाळी ६:४०

म्हणूनच मी विचारलं.

जास्वंदी | ७ मार्च, रात्री ९:१५

गोटा, तुमचं पटतंय, पण बादलीत डोळे बघितल्यावर ते होणार नाही माझ्याच्याने. मैत्रिणींना, लेकीच्या शाळेत देईन. बघू.

टब पेरूच्या झाडाखाली ठेवलाय. बरीच पिल्लं आडवी होऊन पोहतायत. दोन फोटो टाकलेत. एक प्रश्न आहे, पिल्लांमध्ये दहा-बारा एकदम जाडजूड आहेत, वरच्या वर फिरतात. एवढ्यात इतकी मोठी कशी झाली? पहिल्या फोटोत डावीकडे बघा.

पाण्यातला | ७ मार्च, रात्री १०:००

ती तुमची नाहीत! गप्पींची आहेत. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लं घालते, आणि ती जन्मतःच अर्धा-पाऊण सेंटिमीटरची, सगळ्या अवयवांसकट असतात. जलपर्णीच्या मुळांतून आली असणार. उचलून हौदात टाका. पंधरा दिवसांनी ती गोल्डफिशच्या पिल्लांना जेवू देणार नाहीत, एखादं गिळतीलही.

खाद्यासाठी अजून एक सोपी गोष्ट करून ठेवा. काचेच्या बरणीत हौदाचं पाणी घ्या, त्यात कोबीचं एक पान किंवा केळीच्या सालीचा तुकडा टाका आणि खिडकीत ठेवा. दोन दिवसांनी पाणी दुधाळ होईल, वास मारेल. आणखी दोन-तीन दिवसांनी निवळतं. दुधाळपणा जिवाणूंचा असतो, आणि निवळलं म्हणजे त्या जिवाणूंना खाणारे सूक्ष्म जीव तयार झाले. तेच पाणी पिल्लांना घाला, दिवसातून दोनदा अर्धा कप. बलकापेक्षा हे बरं, कारण खाऊन उरलेलं मरून कुजत नाही, जिवंत राहतं.

जास्वंदी | ११ मार्च, सकाळी ६:५०

चूक झाली. काल दिवसभर घरी पाहुणे होते. बलकाचं पाणी लेकीने एकदा घातलं, सासूबाईंनी दोनदा, मी रात्री पुन्हा. प्रत्येकीला वाटलं राहिलंय. आज पहाटे टबाचं पाणी ताकासारखं, तळाशी पांढरट थर, आणि पिल्लं मेलेली. मोजवलं नाही. निम्मी तरी गेली असतील. उरलेली वर येऊन तोंड उघडतायत. काय करू लवकर सांगा.

पाण्यातला | ११ मार्च, सकाळी ७:०५

सगळं पाणी एकदम बदलू नका. आता लगेच एक तृतीयांश काढा आणि तेवढंच हौदाचं पाणी गाळून घाला, हळूहळू, धार न लावता. दुपारी पुन्हा थोडं. काढायला सलाइनची नळी वापरा, तोंडाला मलमलचा तुकडा रबरने बांधून, नाहीतर पिल्लंही ओढली जातील. तळाचा थर आधी ओढून घ्या. आज खायला काहीच नाही.

नळाचं पाणी घालणार असाल तर आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून उन्हात ठेवलेलंच घ्या, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर मासेवाल्या दुकानात हायपोचे खडे मिळतात, सोडियम थायोसल्फेट. त्याने लगेच निघतो.

शेवंतीची_वेणी | ११ मार्च, सकाळी ८:२०

अरेरे. मी बलक सांगितला आणि बजावून सांगायला हवं होतं ते राहिलं, वाईट वाटतंय. माझ्याही पहिल्या खेपेला हेच झालं होतं. यात कोणाचा दोष नाही, बलकच तसा, उरला की तासा-दोन तासांत सडायला लागतो. टबाजवळ खडू ठेवा आणि ज्याने घातलं त्याने भिंतीवर रेघ मारायची.

जास्वंदी | १३ मार्च, रात्री ९:४०

पन्नास-पंचावन्न वाचली. खडूची युक्ती चालू केलीय. सासूबाईंनी रेघेऐवजी फुलं काढलीत, त्यामुळे भिंत छान दिसतेय. बलक बंद, फक्त बरणीचं पाणी. शिवाय एक जुनी बादली हौदाचं पाणी भरून उन्हात ठेवलीय, हिरवंगार होतंय, तेही थोडं थोडं घालते.

आता ह्यांचं म्हणणं, उघड्या टबात साठलेलं पाणी म्हणजे डासांना निमंत्रण, डेंग्यू होईल. पिल्लं डासांच्या अळ्या खातील ना?

पाण्यातला | १३ मार्च, रात्री १०:१०

एवढ्यात नाही. अळीच पिल्लापेक्षा मोठी आहे. ह्यांचं बरोबर आहे, झाका.

शेवंतीची_वेणी | १३ मार्च, रात्री १०:२५

जुनी नायलॉनची साडी. दुहेरी नको, एकेरी ताणून सुतळीने बांधा. ऊन येतं, हवा येते, डास नाही आणि चतुरही नाही.

जास्वंदी | १४ मार्च, सकाळी ८:००

चतुर काय करतो बिचारा?

पाण्यातला | १४ मार्च, सकाळी ११:३०

मोठा चतुर काही करत नाही. त्याची अंडी पाण्यात, आणि अळीही पाण्यातच वाढते, ती खरी वाघीण. तिचा खालचा जबडा घडी घालून ठेवलेला असतो, भक्ष्य टप्प्यात आलं की झटक्यात पुढे फेकते. एका टबात एक असली तरी रोज एक-दोन पिल्लं कमी होत जातात आणि मेलेली मात्र कुठे दिसत नाहीत. पिल्लं गायब होतायत आणि प्रेत नाही, असं झालं तर जलपर्णीची मुळं पांढऱ्या ताटलीत झटकून बघायची. मातकट, सहा पायांची, चपट्या पोटाची दिसेल.

जास्वंदी | १४ मार्च, संध्याकाळी ५:५०

झटकली. तीन निघाल्या. तुम्ही सांगितल्यावर अंगावर काटा आला. लेकीने त्या बरणीत ठेवल्यात, म्हणते चतुर होईपर्यंत सांभाळणार. आता यांना काय खायला घालू असा दुसरा धागा काढावा लागणार बहुतेक.

टेम्सकाठची_टवळी | १५ मार्च, रात्री १:१०

मस्त चाललाय धागा. मी लंडनजवळ राहते, मागच्या बागेत छोटं तळं आहे. आमच्याकडे थंडीत वर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि गोल्डफिश खाली तळाशी निपचित बसतात, मरत नाहीत. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की आम्ही खाणं बंद करतो, कारण पचत नाही. पिल्लं इथे मे-जूनमध्ये दिसतात आणि बगळा येऊन मोठ्यांनाच उचलतो. तुमच्याकडे कोण येतं?

शिवाय इथे नदी-तळ्यात गोल्डफिश सोडायला कायद्याने बंदी आहे. गोटा खूश होतील.

नदीकाठचा_गोटा | १५ मार्च, सकाळी ७:४५

झालो.

जास्वंदी | १५ मार्च, सकाळी ९:३०

आमच्याकडे ढोकरी येते, आणि खंड्या. खंड्या विजेच्या तारेवर बसून तासभर हौदाकडे बघत असतो. मांजरं दोन. त्यांना कमळाच्या पानांवर पाय ठेवायची हिंमत होत नाही.

जास्वंदी | १९ एप्रिल, रात्री १०:००

बरेच दिवस आले नाही, परीक्षा चालू होत्या. पिल्लं छान आहेत, चव्वेचाळीस. पाऊण इंचाची झालीत, आता मोठ्यांचंच खाणं खलात बारीक कुटून देते. पण उन्हाळा कडक आहे. दुपारी तीनला टबाचं पाणी हाताला कोमट लागतं आणि सगळी वर येऊन हवा पितात. दुकानदाराने मोठा एअर पंप घ्यायला सांगितलाय, पण आमच्याकडे वीज जाते. घेऊ का?

पाण्यातला | १९ एप्रिल, रात्री १०:४५

आधी टब हलवा, मग पंपाचं बघू. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. आणि त्याच वेळी माशाला लागतो जास्त. शिवाय सिमेंटच्या हौदाचं पाणी अल्कधर्मी असतं, आणि पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम तितका तोच अमोनिया जास्त विषारी. म्हणून उन्हाळ्यात खाणं निम्म्यावर आणा आणि सकाळीच द्या.

पेरूची सावली दुपारी सरकत असणार. हिरवं शेडनेट बांधा. टब जमिनीत वीतभर पुरता आला तर सोन्याहून पिवळं, मातीने पाणी गार राहतं. बर्फ टाकू नका, कोणीतरी सांगेलच. तापमान एकदम बदललेलं त्यांना सोसत नाही.

हवेसाठी स्पंज फिल्टर लावलेला छोटा पंप पुरे. मोठ्या पंपाने एवढी पिल्लं प्रवाहात फेकली जातात. वीज गेली की कपाने पाणी उचलून वरून ओता, दहा-पंधरा वेळा, झालं काम. आणि पाणी हिरवंगार असेल तर दुपारपेक्षा पहाटे सांभाळा. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच घेतं.

खवय्या_मालवणी | २० एप्रिल, सकाळी ७:१५

मी अजून इथेच आहे. आता मला त्यांची काळजी वाटायला लागलीय, काय करून ठेवलंत हे.

जास्वंदी | २२ जून, सायंकाळी ६:२०

पावसाची पहिली मोठी सर आली आणि हौद काठोकाठ भरला. ह्यांनी सांडव्याच्या पाइपला मच्छरदाणीचं कापड बांधलं, नाहीतर गप्पी सगळे गटारात गेले असते. पागोळीचं पाणी हौदात पडत होतं तिथे पत्रा आडवा लावला. परवा संध्याकाळी एक दिवड हौदाच्या काठावर पसरलेली दिसली. बिनविषारी आहे म्हणे, पण मासे खाते. सासूबाईंनी काठी आपटली, निवांतपणे निघून गेली.

पिल्लं एकोणचाळीस. दीड इंचाच्या पुढची तेरा मागच्या आठवड्यात हौदात सोडली, मोठ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मात्र एक शंका आहे. सगळी मातकट-करडी आहेत! एकही केशरी नाही. ही खरंच गोल्डफिशची आहेत ना? का मी चार महिने दुसऱ्याच कुणाची पोरं सांभाळतेय?

पाण्यातला | २२ जून, रात्री ८:००

तुमचीच आहेत. मूळचा रंग हाच. केशरी रंग चीनमध्ये माणसांनी हजारेक वर्षांपूर्वी निवडून निवडून टिकवला. पिल्लू जन्मतः रानटी रंगाचं असतं, पुढे कातडीतल्या काळ्या रंगाच्या पेशी मरतात आणि खालचा केशरी उघडा पडतो. कुणाचं तीन महिन्यांत होतं, कुणाला वर्ष लागतं, काही जन्मभर करडीच राहतात. बहुतेकांचं पोटाकडून सुरू होतं. ऊन मिळालं तर रंग गडद येतो. उचलून पोट बघा.

जास्वंदी | २३ जून, सकाळी ८:१०

बघितलं! एकाच्या पोटाला तांब्याच्या भांड्यासारखी झाक आलीय. लेकीने त्याचं नाव खवय्या ठेवलं.

खवय्या_मालवणी | २३ जून, सकाळी ८:५०

हा माझा अपमान समजू की सन्मान?

जास्वंदी | २३ जून, सकाळी ९:०५

सन्मान. आता सव्वीस टबात उरलीत, त्यांना घर हवंय. शाळा दहा घेणार आहे, त्यांच्याकडे मोठं टाकं आहे. सोळा राहतात. साताऱ्यात, वाईत, कराडला कुणाकडे हौद किंवा मोठी टाकी असेल तर कळवा. काचेच्या गोल भांड्यात ठेवणाऱ्यांना देणार नाही, आधीच सांगते.

नदीकाठचा_गोटा | २३ जून, दुपारी १२:३०

वाई. विहिरीशेजारी दगडी डोण आहे, बारा फूट लांब, आंब्याच्या सावलीत. सहा चालतील. रविवारी येऊ का?

जास्वंदी | २३ जून, दुपारी १२:४२

तुम्ही?! या. झाकणाची बादली आणा, आणि येताना तुमच्या डोणीतलं पाणी बाटलीभर घेऊन या, त्यात आधी सवयीला लावते. हो, आणि येण्याआधी डोण घासू नका.